अनामिक वर्गांचें बारसें

आपल्या हाताच्या चौथ्या बोटाला अनामिका म्हणतात. अनामिका म्हणजे जिला नांव नाहीं ती. अंगठा, तर्जनी, मध्यमा, करंगळी या सर्वांना गुणावरून किंवा जागेवरून नांवें मिळालीं. या एका बोटाला तें मिळालें नाहीं, आणि मग नांव नसणें हेंच त्याचें नांव होऊन बसलें. निनावी वस्तु माणसाला फार काळ सहन होत नाहीं, असेंच यावरून दिसतें. बोट निदान डोळ्यांसमोर असतें. नांव नसलें तरी पुढें करून दाखवितां येतें. परंतु जी वस्तु डोळ्यांना दिसत नाहीं, हाताला लागत नाहीं, क्षणापूर्वीं निर्माण झाली आणि क्षणानंतर नाहींशी होणार आहे, ती बिघडली तर तिच्याविषयीं बोलावयाचें कसें? संगणकाला ज्या भाषांतून आज्ञा दिल्या जातात, त्यांपैकीं रूबी नांवाच्या भाषेपुढें हा प्रश्न अनेक वर्षें उभा होता, आणि त्याचें एक विचारपूर्वक दिलेलें उत्तर २०२३ सालीं तिच्यांत आलें. त्याचीच हकीकत आज सांगणार आहें. ध्वनिक्षेपकासमोर फळा आणि खडू नसतात. तेव्हां आज्ञांच्या ओळी लिहून न दाखवितां त्यांचा आशय तेवढा सांगतों.

रूबी ही भाषा जपानमधील युकिहिरो मात्सुमोतो यांनीं निर्माण केली. तिचें स्वतःचें नांव कसें पडलें हें येथें सांगण्यासारखें आहे. २४ फेब्रुवारी १९९३ रोजीं एका मित्राशीं संगणकावरून चाललेल्या संभाषणांत तें ठरलें, आणि त्या वेळीं भाषेची एक ओळहि लिहिली गेली नव्हती. पर्ल नांवाची एक भाषा तेव्हां लोकप्रिय होती; पर्ल हा शब्द कानाला मोत्यासारखा लागतो. मग आपल्या भाषेलाहि रत्नाचें नांव असावें असा विचार झाला आणि माणकाची निवड झाली. भाषेची पहिली आवृत्ति लोकांच्या हातीं आली ती डिसेंबर १९९५ मध्यें. म्हणजे बारसें आधीं आणि जन्म मागाहून! पुढें २००४ सालीं रेल्स हा आज्ञासंच रूबीमध्यें तयार झाला आणि संकेतस्थळें बांधणाऱ्यांत ही भाषा जगभर पसरली.

आतां वर्ग म्हणजे काय तें पाहूं. शिंपी सदऱ्याचा एक कागदी नमुना कापून ठेवतो आणि त्यावरून दहा सदरे बेततो. नमुना अंगांत घालतां येत नाहीं, पण बाही किती लांब, गळा केवढा, खिसा कोठें, हें सारें त्यांत ठरलेलें असतें. आज्ञावलींत अशा नमुन्याला वर्ग, किंवा प्रोग्रॅमर लोकांच्या तोंडीं बसलेल्या शब्दांत क्लास, म्हणतात. त्यावरून निघालेल्या प्रत्येक सदऱ्याला त्या वर्गाची वस्तु म्हणतात. मॉड्यूल ही याहून थोडी निराळी चीज आहे. त्यावरून सदरे निघत नाहींत. तें म्हणजे अनेक नमुन्यांना उसनें देतां येईल असें एखादें कसब, जसें काजें करणें किंवा किनार मुडपणें. नांवाच्या बाबतींत मात्र दोघांना एकच कायदा लागूं आहे. म्हणून पुढें मी वर्ग म्हणेन तेथें मॉड्यूलहि समजावें.

रूबीचें वैशिष्ट्य असें कीं तिच्यांत नमुना हीहि एक वस्तूच आहे. सदरा जसा वाटेल तेव्हां शिवतां येतो, तसा नमुनाहि काम चालूं असतांना, वाटेल तेव्हां, कापून घेतां येतो. त्यामुळें वर्ग निर्माण करण्याच्या दोन रीति झाल्या. पहिली सरळ: अमुक नांवाचा वर्ग घ्या, आणि त्याचें वर्णन असें. दुसरींत नांवाचा उल्लेखच नाहीं; मला एक नवा वर्ग द्या, एवढेंच म्हणावयाचें. मिळालेला वर्ग कामाला कोठेंहि उणा नसतो, फक्त तो निनावी असतो.

असा वर्ग कोणाला कशाला हवा, हें नवख्याला कळत नाहीं. परंतु त्याचे उपयोग पुष्कळ आहेत. दोन-चार खणांचा साधा वर्ग हवा असला तर रूबींत स्ट्रक्ट नांवाची सोय आहे. तिच्याकडे खणांचीं नांवें दिलीं कीं ती वर्ग तयार करून हातावर ठेवते, आणि तो निनावीच असतो. कांहीं आज्ञावल्या माहितीचा तक्ता वाचून त्यांतील रकान्यांप्रमाणें वर्ग तयार करतात. तक्ता काय असेल हें आधीं ठाऊक नसल्यामुळें त्या वर्गांचीं नांवें आधीं लिहून ठेवणें शक्य नसतें. आणि सर्वांत मोठें गिऱ्हाईक म्हणजे चाचणी. एखादें उसनें कसब नीट चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं घटकाभर एक वर्ग बनवावयाचा, त्याला तें कसब द्यावयाचें, परीक्षा घ्यावयाची आणि तो टाकून द्यावयाचा. मोठ्या आज्ञावलीच्या चाचण्यांत असे शेकडों वर्ग जन्मतात आणि मरतात. टाकून देण्यासारख्या प्रत्येक वर्गाला नांव शोधत बसणें म्हणजे दर पत्रावळीवर मालकाचें नांव घालण्यासारखें आहे.

मग अडचण कोणती? जोंवर सर्व सुरळीत चालतें तोंवर कोणतीच नाहीं. अडचण बिघाडाच्या वेळीं येते. अशा वर्गाला तुझें नांव काय म्हणून विचारलें, तर उत्तर येतें: कांहीं नाहीं. त्याला छापून पाहिलें, तर ‘क्लास’ या शब्दापुढें सोळा अंकाक्षरांची एक रांग दिसते. ती रांग म्हणजे संगणकाच्या स्मृतींत तो वर्ग ज्या जागीं ठेवला आहे त्या जागेचा पत्ता. आतां पत्ता हाहि ओळखीचा एक प्रकार आहे हें खरें. पण हा पत्ता धर्मशाळेंतील खोलीच्या क्रमांकासारखा आहे. आज्ञावली पुन्हां चालूं केली कीं त्याच वर्गाला दुसरी खोली मिळते. काल रात्रींच्या अहवालांतील पत्ता आजच्या अहवालाशीं ताडून पाहण्यांत कांहींच अर्थ नाहीं.

समजा, विक्रीचे हिशेब ठेवणारी एखादी आज्ञावली रात्रीं दोन वाजतां अडली. ज्याची पाळी आहे तो माणूस झोपेंतून उठून अहवाल उघडतो. ही आज्ञावली त्यानें लिहिलेली असतेच असें नाहीं. लिहिणारा कदाचित् नोकरी सोडूनहि गेला असेल. अहवालांत ‘ग्राहक वर्गाच्या वस्तूला ही क्रिया येत नाहीं’ असें लिहिलें असेल तर तो ग्राहकाचें पान उघडून पांच मिनिटांत मुळाशीं पोंचेल. पण तेथें सोळा अंकाक्षरें असलीं, आणि आज्ञावलींत निनावी वर्ग निर्माण करणाऱ्या वीस जागा असल्या, तर त्या वीसहि जागा त्याला धुंडाळाव्या लागतात. आणि २०२३ च्या आवृत्तीपासून वर्गाच्या नांवाचें महत्त्व आणखी वाढलें आहे. पूर्वीं असा संदेश देतांना त्या वस्तूचें वर्णन तयार केलें जाई, आणि तें तयार करण्यांतच कित्येकदां वेळ जाई. आतां ‘अमुक वर्गाची एक वस्तु’ एवढेंच सांगण्याचा प्रघात पडला आहे. म्हणजे वर्गाचें नांव हाच मुख्य दुवा, आणि तोच नसला तर हातीं फारसें कांहीं उरत नाहीं.

आतां रूबीमध्यें निनावी वर्गाला नांव मिळतें तरी कसें? येथें मोठी मौजेची गोष्ट आहे. वस्तु ठेवण्यासाठीं भाषेंत दोन प्रकारच्या चिठ्ठ्या असतात. लहान लिपींतील अक्षरानें सुरू होणारी चिठ्ठी साधी. ती आज या वस्तूवर, उद्यां त्या वस्तूवर लावावी, वस्तूला त्याची गंधवार्ताहि नसते. मोठ्या लिपींतील अक्षरानें सुरू होणारी चिठ्ठी म्हणजे कॉन्स्टंट. ती एकदां लावली कीं सहसा काढूं नये असा संकेत. निनावी वर्गावर साधी चिठ्ठी कितीहि वेळां लावा, तो निनावीच राहतो. पण त्याच्यावर कॉन्स्टंटची चिठ्ठी पडली कीं त्याच क्षणीं तें त्याचें नांव होतें. चिठ्ठी लावणें हें इतर सर्व ठिकाणीं केवळ बाहेरचें काम आहे. फक्त येथें तें वस्तूच्या अंगीं मुरतें. स्ट्रक्टनें दिलेला निनावी वर्ग लगेच कॉन्स्टंटमध्यें ठेवण्याची जी रीत रूबीच्या लोकांत रूढ आहे, ती या नियमावरच उभी आहे.

असें मिळालेलें नांव कायमचें असतें. त्याच वर्गावर मागाहून दुसरी कॉन्स्टंट-चिठ्ठी लावली तरी नांव पहिलेंच राहतें. इतकेंच नव्हे, तर पहिली चिठ्ठी काढून टाकली, तरीहि वर्ग आपलें नांव तेंच सांगत राहतो. त्या नांवानें हांक मारली तर मात्र कोणीच ओ देत नाहीं. मग त्या रिकाम्या चिठ्ठीवर दुसराच वर्ग ठेवला, तर एकाच नांवाचे दोन वर्ग एका वेळीं नांदूं लागतात. आज्ञावली चालूं असतांना तिचे भाग बदलून पुन्हां भरणाऱ्या संचांत हें घडतें. ‘ग्राहक हवा होता, ग्राहक मिळाला’ अशा तऱ्हेची तक्रार ज्यानें वाचली आहे, त्याला हा प्रकार काय आहे हें सांगावें लागत नाहीं.

कायमच्या नांवाचा एवढा आग्रह कां, असें कोणी विचारील. कारण हें नांव म्हणजे एक वचन आहे: या नांवानें शोधा, मी सांपडेन. त्या वचनावर इतर व्यवहार चालतात. रूबीमध्यें वस्तु अक्षरांत उतरवून ठेवण्याची आणि मागाहून पुन्हां उभी करण्याची एक सोय आहे. तिला मार्शल म्हणतात. ती वस्तूबरोबर तिच्या वर्गाचा सगळा नमुना लिहीत नाहीं, केवळ त्याचें नांव लिहिते. परत उभी करतांना त्या नांवानें वर्ग शोधते. अर्थात् निनावी वर्गाची वस्तु ती उतरवून घेण्याचेंच नाकारते, आणि तें योग्यच आहे. वाटेल त्या वर्गाला वाटेल तें नांव घेऊं दिलें असतें, तर एखादा तोतया दुसऱ्याच्या नांवावर घरांत शिरला असता.

२०२३ पूर्वीं लोक या अडचणींतून दोन आडवाटांनीं निसटत. एक वाट अशी कीं क्षणभराच्या वर्गालाहि क्रमांक घालून कॉन्स्टंटमध्यें ठेवावयाचें. त्यानें नांव मिळतें खरें, पण कॉन्स्टंटमध्यें ठेवलेली वस्तु रूबी केर म्हणून काढून टाकीत नाहीं. शेकडों वर्ग असे ठेवले तर ते स्मृतींत सांचत जातात आणि आज्ञावली फुगत जाते. शिवाय हे क्रमांकित वर्ग सर्वांना दिसत असल्यामुळें कोणी भलताच त्यांचा उपयोग करूं लागण्याचा धोका राहतो. दुसरी वाट म्हणजे वर्गाला नांव विचारणाऱ्या क्रियेचेंच उत्तर बदलून ठेवावयाचें. पण ती बाहेरच्या दारावर लावलेली पाटी झाली. रूबी स्वतः जेव्हां त्या वर्गाच्या वस्तूचें वर्णन करते, तेव्हां ती पाटी न वाचतां आपल्या आंतील दफ्तर पाहते. आणि दफ्तरांत पूर्वींचींच सोळा अंकाक्षरें असतात. म्हणजे एका ठिकाणीं नांव, दुसऱ्या ठिकाणीं पत्ता, असा घोळ व्हावयाचा.

२५ डिसेंबर २०२३ रोजीं रूबीची ३.३ ही आवृत्ति प्रसिद्ध झाली. नाताळच्या दिवशीं नवी आवृत्ति काढण्याचा त्या मंडळींचा परिपाठ आहे. तिच्यांत वर्गांना आणि मॉड्यूलांना एक नवी क्रिया मिळाली. तिचें नांव ‘सेट टेम्पररी नेम’, म्हणजे तात्पुरतें नांव ठेव. मूळ सूचना वेगळी होती. नांव या शब्दापुढें बरोबरचें चिन्ह घालून थेट नांव देतां यावें, अशी ती मागणी होती. त्यावर चर्चा झाली आणि स्वीकारलें गेलें तें हें लांबलचक नांव. मला ही निवड पसंत आहे. आखूड नांव असतें तर लोकांनीं तें खऱ्या नांवासारखें वापरलें असतें. ‘तात्पुरतें’ हा शब्द उच्चारावाच लागत असल्यामुळें वापरणाऱ्याला आपण काय करतों आहों याची आठवण राहते.

या तात्पुरत्या नांवाचे नियम आपल्या घरांतील रीतीशीं इतके जुळतात कीं तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. प्रसूतिगृहांत अर्भकाच्या मनगटावर आईच्या नांवाची चिठ्ठी बांधतात. घरीं बारशापर्यंत त्याला बाळ, सोन्या, छकुली अशा हांका मारतात. त्या हांकांनीं घरांतलें सगळें काम भागतें, पण त्या नांवावर कोणी शाळेचा दाखला काढीत नाहीं. रूबींतहि तसेंच. तात्पुरतें नांव निनावी वर्गालाच देतां येतें. ज्याचें बारसें झालें आहे, म्हणजे जो कॉन्स्टंटमध्यें बसला आहे, त्याला तें देऊं गेल्यास भाषा तक्रार करून थांबते. दिलेलें नांव बदलतां येतें आणि अजिबात काढूनहि घेतां येतें. मग वर्ग पूर्ववत् निनावी होतो. पुढें कधीं तो वर्ग कॉन्स्टंटमध्यें ठेवला गेला, तर कायमचें नांव येऊन बसतें आणि तात्पुरतें आपोआप गळून पडतें. रिकामें नांव चालत नाहीं.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र निराळाच आहे: तात्पुरतें नांव खऱ्या नांवासारखें दिसतां कामा नये. मोठ्या अक्षरानें सुरू होणारा, कॉन्स्टंटला शोभेल असा नुसता शब्द दिला तर भाषा तो नाकारते. त्यांत कंस घाला, मध्यें मोकळी जागा सोडा, किंवा लहान अक्षरानें सुरुवात करा, म्हणजे चालेल. ‘ग्राहक (चाचणीपुरता)’ अशा थाटाचें नांव उत्तम. वाचणाऱ्याला एका दृष्टिक्षेपांत कळतें कीं या नांवानें शोधून कांहीं सांपडणार नाहीं, हें केवळ वर्णन आहे. नांवाचें वचन मोडूं नये आणि तरी अंधारांतल्या माणसाला दिवा मिळावा, या दोन्ही गोष्टी या एका नियमानें साधल्या आहेत. मार्शलच्या कामाला तात्पुरतें नांव उपयोगी पडत नाहीं; तें पडावें असा हेतूहि नाहीं.

एका वर्गाच्या पोटांत दुसरा वर्ग ठेवतां येतो, आणि मग आंतल्याचें नांव बाहेरच्याच्या नांवाला जोडून सांगतात. आपण नांवाला आडनांव जोडतों तसें, फक्त आडनांव आधीं. बाहेरचाच निनावी असेल तर आंतल्याला तो सोळा अंकाक्षरी पत्ता आडनांवासारखा वागवावा लागतो. बाहेरच्याला तात्पुरतें नांव दिलें, तर त्यानंतर त्यांत ठेवलेल्या वर्गाच्या नांवाआधीं तेंच लागतें. आणि बाहेरचा कॉन्स्टंटमध्यें जाऊन कायमच्या नांवाचा झाला कीं आंतलाहि त्याबरोबर कायमच्या नांवाचा होतो.

इतर भाषांनीं हा प्रश्न आपापल्या स्वभावाप्रमाणें सोडविला आहे. जावा भाषेंत १९९७ सालापासून निनावी वर्ग आहेत. तेथें भाषांतर करणारी आज्ञावलीच बाहेरच्या वर्गाच्या नांवापुढें डॉलरचें चिन्ह आणि एक, दोन, तीन असे क्रमांक घालून मोकळी होते. ही चाळींतील खोल्यांची रीत झाली. मध्यें एक नवी खोली निघाली कीं पुढच्या सर्वांचे क्रमांक सरकतात. पायथनमध्यें नवा वर्ग मागतांनाच नांव द्यावें लागतें, निनावी राहण्याची मुभाच नाहीं. परंतु तें नांव आणि ज्या चिठ्ठीखालीं वर्ग ठेवला ती चिठ्ठी यांचा एकमेकींशीं संबंध नसतो; एकच शब्द दोनदां लिहावा लागतो, आणि दोन ठिकाणीं दोन शब्द लिहिले गेले तर भाषा मुकाट्यानें पाहत राहते. जावास्क्रिप्टमध्यें २०१५ च्या नियमांपासून निनावी वर्ग ज्या चिठ्ठीवर लिहिला जातो तिचें नांव त्याला मिळतें. मग ती चिठ्ठी लहान अक्षराची असो कीं मोठ्या. रूबीचा मार्ग या सर्वांहून कडक आहे, पण नांव आणि वस्तु यांचा संबंध तींत जितका स्पष्ट राहतो तितका इतरत्र राहत नाहीं असें माझें मत आहे.

मराठी बोलणाऱ्यांसाठीं यांत एक गोष्ट अगदीं जवळची आहे. कॉन्स्टंट मोठ्या लिपींतील अक्षरानेंच सुरू झाला पाहिजे, असा रूबीचा नियम मघाशीं सांगितला. २०१८ सालच्या २.६ या आवृत्तीपासून ग्रीक, रशियन अशा लिपींतील मोठीं अक्षरेंहि त्यासाठीं चालूं लागलीं. परंतु देवनागरीला मोठी लिपि आणि लहान लिपि हा भेदच नाहीं. आपला ‘क’ हा केवळ ‘क’ आहे. त्यामुळें देवनागरी शब्द रूबींत साधी चिठ्ठी होऊं शकतो, क्रियेचें नांव होऊं शकतो, पण देवनागरी अक्षरानें सुरू होणारा कॉन्स्टंट होऊं शकत नाहीं. ‘विद्यार्थी’ या नांवाचा वर्ग सरळ रीतीनें लिहितांच येत नाहीं. तात्पुरत्या नांवाला ही आडकाठी नाहीं. कॉन्स्टंटसारखें दिसूं नये एवढीच त्याची अट, आणि देवनागरी शब्द ती न सांगतांच पाळतो. तेव्हां निनावी वर्ग घेऊन त्याला ‘विद्यार्थी’ असें तात्पुरतें नांव दिलें, तर भाषा तें निमूटपणें स्वीकारते, आणि त्या वर्गाच्या वस्तु अहवालांत त्याच नांवानें, देवनागरींतच, छापल्या जातात.